एकट्याचं ताट : खाणावळ ते फॅमिली रूम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना एक अट घातली. "सर, इतिहासावर लिहा, पण लोकांनी वाचलं पाहिजे." प्लॉटवाटप, पहिली बांधणी, बोअरचं पाणी, पहिला गणपती हे सगळं जुन्या सभासदांनी याच अंकात लिहिलं आहे. त्यांनी ते पाहिलंय, तेव्हा त्यात मी भर घालत नाही. मी असा विषय घेतलाय ज्याचा प्रत्येकाच्या पोटाशी संबंध आहे, आणि तरी तो इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. विषय आहे घराबाहेर, पैसे मोजून, एकट्याने जेवण्याचा.

हसू नका. आपल्या भागात एकटं जेवणं हे अजून थोडं लाजेचंच मानतात. जेवणाऱ्याने दारात आलेल्याला "या जेवायला" म्हणायचं आणि येणाऱ्याने "चालू द्या" म्हणायचं, ही आपली रीत. लग्न, बारसं, जत्रा, सगळीकडे पंगत. हॉटेलात एकटा माणूस दिसला की ओळखीचा माणूस हमखास विचारतो, "काय ओ, एकटेच?" त्या प्रश्नात चौकशी असते, थोडी कीवही असते.

पण वारणानगर उभं राहिलं ते एकट्याने आलेल्या माणसांवर, हे आपण विसरतो. पन्नाशीच्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी वारणाकाठच्या शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे १९६४ मध्ये महाविद्यालय, १९६८ मध्ये दूध संघ, मग वारणा बझार, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. कारखाना, दूध संघ, कॉलेज चालवायला माणसं लागली. फिटर, केमिस्ट, क्लार्क, चिटबॉय, ड्रायव्हर, शिक्षक. कोण सांगलीकडून आला, कोण सोलापूरकडून, कोण बेळगावकडून. आले तेव्हा बहुतेकांच्या हातात एक ट्रंक आणि एक वळकटी. बायको-मुलं नंतर आली, क्वार्टर नंतर मिळाली, आणि आपली सोसायटी तर फारच नंतर. पहिल्या रात्री त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता, जेवायचं कुठं?

वार, माधुकरी आणि खाणावळ

हा प्रश्न फार जुना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिक्षणासाठी गाव सोडून आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला दोन वाटा होत्या. एक म्हणजे वार लावणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरं. दुसरी वाट माधुकरीची, म्हणजे घरोघर जाऊन शिजवलेलं अन्न मागून आणायचं. पुष्कळ मोठी माणसं अशा अन्नावर शिकली आणि त्यांनी त्या घरांचे उपकार जन्मभर मानले. पण उपकाराच्या जेवणाला उपकाराचं ओझं असतंच. भूक असेल तेवढं मागता येत नाही. आमटी खारट झाली तर बोलता येत नाही. मुख्य म्हणजे हा दरवाजा ठरावीक जातीलाच उघडा होता. बाकीच्या मुलांनी काय करायचं?

खाणावळ ही त्याच्या पुढची पायरी. शब्दच बघा. शिवणाऱ्याला देतो ती शिवणावळ, धुणाऱ्याला देतो ती धुणावळ, दळणाऱ्याला देतो ती दळणावळ. त्याच रांगेत खाणावळ बसते. खाण्याबद्दल मोजलेले पैसे. आपण कोल्हापूरकडचे लोक 'खानावळ' म्हणतो आणि पाटीवरही तसंच रंगवतो, पण मतलब तोच. पैसे दिले की मिंधेपण संपलं. आणखी एक भाकरी मागायला जीभ अडखळत नाही.

आता कुणाला वाटेल, पैसे दिले की जेवण मिळतं, यात इतिहास कसला? इतिहास असा, की पैसे असूनही जेवण मिळत नव्हतं.

पंगत कुणाची, पाणी कुणाचं

१८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथं चहा-बिस्किटं ठेवली होती. कुणी घेतली, कुणी घेतली नाहीत. पण हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि एकच गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. एक कप चहा कुणाच्या घरी, कुणाच्या हातचा, यावरून एवढं रामायण! तर मग साध्या, नाव नसलेल्या माणसाने परगावात कुठल्या दुकानात बसून घास घ्यायचा?

याचं एक उत्तर आपल्या कोल्हापूरने दिलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं काढायला मदत केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहायला खोली आणि दोन वेळचं हक्काचं ताट पहिल्यांदा मिळालं. पण नावांवरून तुमच्या लक्षात आलं असेल, प्रत्येक समाजाची चूल वेगळी होती. एकत्र पंगतीची वेळ अजून आली नव्हती.

ती आणण्याचं काम आपल्या शेजारच्या कुंभोजच्या मुलाने केलं. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. विचार करा, शाळकरी पोरगं, परगाव, आणि एका आंघोळीचा प्रश्न. आंघोळ केली असती तर वरण-भात मिळाला असता. पुढे याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग चालवलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं. तिथल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं, मंगळसूत्रसुद्धा. आपल्यापैकी कितीतरी जण रयतच्या शाळेत शिकले. त्या शाळेचा पाया एका जेवणघराच्या उंबऱ्यावर आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो.

दुसरी गोष्ट हॉटेलची आहे. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. पाटी होती 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायला लागले. गंगारामना चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि गाडीत बरोबर असलेल्या सरदार-दरकदारांनाही पाजायचा. राजाने प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! १९१९ मध्ये महाराजांनी दवाखाने, शाळा, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. पण मला वाटतं, हुकमाच्या कागदाइतकंच त्या चहाच्या कपाने काम केलं.

हेच पुढे देशाचा कायदा झालं. २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं जाण्यापासून अडवता येणार नाही. विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबरीने घटनाकारांनी उपाहारगृहाचा उल्लेख केला. बाबासाहेबांना हॉटेलच्या टेबलाची किंमत माहीत होती. या यादीतला 'लिंग' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे नंतर येतो.

मुंबईच्या बाकड्यावर

पन्हाळा, शाहूवाडी भागातल्या लोकांना मुंबई नवी नाही. कारखाना होण्याआधी इथल्या पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस मुंबईत गिरणीत होता. दहा बाय बारच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायला खाणावळ लावायची. गिरणगावच्या या खाणावळी बायका चालवायच्या. बाई आपल्या राहत्या खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. बहुतेकदा गाववाल्यांची खाणावळ गाववालीच चालवायची, म्हणजे भाकरी आणि कालवण आपल्याकडच्या चवीचं. पैसे महिन्याला, पगार झाला की. तोपर्यंत बाईने वाण्याकडून उधारीवर किंवा सावकाराकडून व्याजाने पैसे काढून चूल पेटती ठेवायची.

या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकेने तारणाशिवाय कर्ज द्यावं, बाईच्या सह्या चालाव्यात, सावकाराचा फास सुटावा, हा त्यामागचा विचार. आज बचत गट गावोगाव आहेत. त्यांच्या कितीतरी आधीचं हे काम. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ज्या पगारावर या चुली पेटत होत्या तो पगारच थांबला. संपाच्या इतिहासात कामगार दिसतो, नेते दिसतात. त्या कामगाराला जेवू घालणारी बाई मात्र तळटीपेतही क्वचित सापडते.

मुंबईत याच काळात दुसरा प्रकार वाढला, उडुपी बोर्डिंगचा. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. ते अजून चालू आहे. तिथल्या टेबलावर तुम्ही एकटे गेलात तर समोर अनोळखी माणूस असतो, शेजारी अनोळखी माणूस असतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. केळीच्या पानावर वाढतात, जेवतात, उठतात. शहराने शोधलेली ही एक नवी पंगत म्हणायची. यात नातं लागत नाही, आमंत्रण लागत नाही. रिकामी जागा आणि भूक एवढ्यावर भागतं.

वारणानगरची भूक

आता घराजवळ येऊ. १९४८ च्या कारखाने कायद्यात तरतूद होती की अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सरकार कँटीन चालवायला लावू शकत होतं. साखर कारखान्यात हंगामात तीन पाळ्या. भोंगा झाला की माणसं बदलतात, भूक मात्र बदलत नाही. रात्रपाळीचा माणूस पहाटे चारला चहा आणि पाव खातो, एकटाच, मशीनच्या आवाजात. ऊसतोडीची कुटुंबं पालं मारून राहतात, त्यांची चूल तीन दगडांची. साखर कारखान्यावर बोलताना आपण टनेज बोलतो, रिकव्हरी बोलतो. किती जणांची किती ठिकाणी चूल पेटत होती याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मी १९८४ साली इथं नोकरीला आलो. तेव्हा मी आणि माझ्यासारखे आठ-दहा जण कोडोलीत एका मावशींच्या घरगुती खाणावळीत जेवत होतो. बसायला सोप्यात दोन लांब पाट, नंतर बाकडी आली. दुपारी चपाती, रात्री भाकरी. आमटी, एक उसळ नाहीतर पालेभाजी, भात, कांदा आणि खर्डा. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे बुधवारपासून ज्याची चर्चा चालते ते मटण किंवा गोडाचं. रविवारी रात्री बंद. महिन्याचे मेंबर वहीत, आणि वहीत प्रत्येकाचे खाडे. दोन दिवस आधी सांगितलं तर खाडा धरला जाई, ऐनवेळी सांगितलं तर नाही. मावशींना अक्षरओळख नव्हती. त्या खाड्याला रेघ मारत आणि त्यांचा हिशोब आमच्यातल्या कॉमर्सवाल्यापेक्षा पक्का असे.

त्या खाणावळीत मला एक गोष्ट शिकायला मिळाली. तिथं कुणी कुणाला "एकटाच का?" असं विचारत नसे. सगळेच एकटे. कुणी पोस्टातलं पत्र वाचत जेवायचा, कुणी भिंतीकडे बघत. एक केमिस्ट होते, ते जेवताना एक शब्द बोलत नसत आणि उठताना "मावशी, आमटी झकास" एवढंच म्हणत. मावशी फक्त एकच करायच्या. माणूस दोन घास कमी जेवला तर विचारायच्या, "काय रं, गावाकडनं कागद आलाय काय?" आणि खरंच बहुतेक वेळा आलेला असायचा. घरात आई विचारते तसंच, पण त्यात ओढाताण नव्हती. सांगायचं तर सांगा, नाहीतर हात धुवा.

कोल्हापुरात गेलो की मी मिसळ खायचो. मिसळ ही एकट्या माणसासाठीच निर्माण झालेली चीज आहे, असं माझं ठाम मत आहे. एक प्लेट, वर शेव, बाजूला स्लाइस ब्रेड, आणि कट पाहिजे तेवढा. वाटून खायची सोयच नाही. तीच गोष्ट गंगावेशीतल्या दूध कट्ट्याची. म्हैस समोर, धार समोर, हातात ग्लास. उभ्या उभ्या दूध प्यायचं आणि चालू लागायचं. पैलवान असो नाहीतर पेन्शनर, प्रत्येकाचा ग्लास वेगळा. तांबडा-पांढरा रस्सा चार जणांत रंगतो हे मला मान्य, पण कोल्हापूरने एकट्यालाही उपाशी ठेवलेलं नाही.

बाईमाणसाने कुठं बसायचं?

आतापर्यंत मी जे सांगितलं त्यात जेवणारे सगळे पुरुष होते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रांधणारी मावशी, वाढणारी मावशी, खाडे धरणारी मावशी. पण मावशींना मी त्या सोप्यात बसून जेवताना कधीच पाहिलं नाही. त्या आमच्यानंतर, आत, चुलीजवळ जेवायच्या. खरं तर एकट्याने जेवणं हा बायकांचा जुना अनुभव आहे. आपल्या आया सगळ्यांना वाढून झाल्यावर, उरेल त्यात, भांड्यांच्या पसाऱ्यात एकट्याच जेवत आल्या. तेव्हा कुणी त्यांना "एकट्याच?" असं विचारलं नाही. घरात मागाहून एकटीने जेवलेलं चालतं. हॉटेलात पुढं बसून एकटीने जेवलेलं मात्र लोकांच्या डोळ्यांवर येतं.

त्या काळात आमच्याबरोबर एक बाई शिकवायला होत्या, एकट्या राहायच्या. त्याही मावशींकडेच जेवत. पण मावशी त्यांना म्हणत, "बाई, तुम्ही आत या." आत म्हणजे स्वयंपाकघरात. त्यात मान होता, माया होती, गरम भाकरी आधी मिळायची. पण बाहेरच्या बाकड्यावर त्यांची जागा नव्हती. बाई एकदा हसत म्हणाल्या, "सर, मी पण तेवढेच पैसे देते की ओ." मी त्यावर काही बोललो नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हॉटेलांनी बायकांसाठी काय केलं? फॅमिली रूम काढली. तुम्हाला ती पाटी आठवत असेल, 'फॅमिली रूम वर आहे' किंवा 'फक्त फॅमिलीसाठी'. अरुंद जिना, वर पडद्यांचे कप्पे, एक पंखा. ज्या काळात बाईने हॉटेलात पाऊल टाकणंच अवघड होतं, त्या काळात या खोलीने फार मोठी सोय केली हे नाकारून चालणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचं लग्नानंतरचं पहिलं बाहेरचं जेवण त्या पडद्याआडच झालं असेल. पण व्यवस्थेत एक गोम होती. खाली जनरलमध्ये पुरुष, वर फॅमिली. जी बाई एकटी आली ती कुठली? खाली बसली तर चार टेबलं वळून बघणार, वर गेली तर वेटर विचारणार, "मागनं कोण येणारेत का?" घटनेतला तो 'लिंग' शब्द मी लक्षात ठेवायला सांगितला होता तो यासाठी. कायद्याने दार उघडं होतं. बसायला खुर्ची नव्हती.

त्यात परमिट रूमची भर पडली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातला परवाना हॉटेलच्या पाटीवर आला आणि संध्याकाळी हायवेवरच्या बऱ्याच हॉटेलांकडे बाईमाणसाने फिरकणंच बंद झालं. एखाद्या नर्सबाईंची ड्यूटी रात्री नऊला सुटली आणि घरी गॅस संपलेला असला, तर तिने जायचं कुठं? पुरुषाला हा प्रश्न पडत नाही.

चित्र बदललंय, हेही नमूद केलं पाहिजे. हल्ली इथं शिकायला आलेल्या मुली नाष्ट्याच्या गाड्यावर, मिसळीच्या दुकानात एकट्या बसतात. मोबाईल पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवतात आणि निवांत खातात. कुणी बघितलं तर बघू दे. कुणाला हे मोबाईलचं व्यसन वाटेल. मला त्यात केमिस्टसाहेबांचं भिंतीकडे बघणं दिसतं. एकट्याला नजर ठेवायला काहीतरी लागतंच.

दहा रुपयांचं ताट

सरकारनेही एकट्याच्या ताटाचा विचार दोनदा केला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, काही वर्षांत ती केंद्रं बंद पडत गेली. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. हॉटेलं बंद, खाणावळी बंद, मेस बंद. ती थाळी पाच रुपयांची झाली आणि पुढे काही काळ मोफतही दिली गेली. घरात माणसं असलेल्यांना त्या दिवसांत नवे पदार्थ सुचले. एकट्या माणसाला मात्र त्या दिवसांत कळलं की खाणावळ हा चैनीचा भाग नाही, गावाच्या पाणीपुरवठ्यासारखी ती गरज आहे. आपल्या सोसायटीत त्या वेळी तीन घरांत एकटी माणसं होती. त्यांना शेजारच्या घरांतून डबे गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही, यादी केली नाही. या अंकात त्याची कुठंतरी नोंद व्हावी म्हणून लिहितोय.

चांगली जागा कशी ओळखायची

"सर, मग एकट्याने जेवायला चांगलं हॉटेल कुठलं ते तरी सांगा," असं संपादक म्हणाले. नावं घेत नाही. जाहिरातदार शेवटच्या पानांवर आहेतच, त्यांच्यात भांडण लावायची माझी इच्छा नाही. पण चाळीस वर्षांच्या अनुभवावरून खुणा सांगतो.

पहिली खूण, आत शिरल्यावर "किती जण?" असं न विचारता "बसा" म्हणतात. दुसरी, पाण्याचा ग्लास आधी येतो आणि मेनूकार्ड नंतर. तिसरी, हाफ राईस, एक चपाती, अर्धी भाजी मागितली तर मालकाच्या कपाळावर आठी पडत नाही. साठीनंतर पूर्ण थाळी संपत नाही. 'एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही' ही पाटी सगळीकडे लावतात, पण 'एकट्याला अर्धी थाळी मिळेल' अशी पाटी मी अजून पाहिली नाही. चौथी, गर्दीच्या वेळी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवताना दोघांनाही विचारतात. पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, तिथं एखादी बाई एकटी जेवताना दिसते. ती दिसली की समजा, जागा चांगली आहे. स्वच्छतेची, वागणुकीची, नजरेची सगळी परीक्षा तिने आधीच घेतलेली असते.

आता थोडं सोसायटीबद्दल, कारण अंक सोसायटीचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सभासद झालो तेव्हा बहुतेक जण संसारी होतो. आज मुलं पुण्याला, बंगळुरूला, काहींची परदेशात. काही घरांत दोघं, काहींत एकच. हा आकडा वाढत जाणार, हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. तरीही वार्षिक सर्वसाधारण सभेत दर दोन-तीन वर्षांनी एक विषय येतोच, "एकट्या भाडेकरूला फ्लॅट देऊ नये." एकटा मुलगा नको, एकटी मुलगी तर नकोच. कारणं मी ऐकलीत. आवाज, पार्ट्या, जबाबदारी कोणाची. त्यातली काही खरीही असतील, आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे, मग तो एकटा असो की सहकुटुंब. पण आपल्या पहिल्या सभासदांच्या यादीवरून एकदा नजर फिरवा. त्यातले निम्मेअधिक जण या गावात एकटे आले होते. त्यांना कुणीतरी खोली दिली, कुणीतरी जेवू घातलं, म्हणून ते इथं टिकले, संसार मांडला आणि ही सोसायटी झाली. तात्यासाहेबांनी ज्या सहकारावर हे नगर उभं केलं त्याचा अर्थ मी तरी असा घेतो की एकट्याला जे जमत नाही ते सगळ्यांनी मिळून सोपं करायचं. तेव्हा हा विषय पुढच्या सभेत आला तर माझं मत विरोधात आहे, हे छापील स्वरूपात नोंदवून ठेवतो.

आणखी एक सूचना आहे, तिला खर्च नाही. हॉटेलात आपल्या ओळखीचं कुणी एकटं जेवताना दिसलं, विशेषतः आपल्या सोसायटीतली एखादी आजी, एखादी लेक, तर "एकट्याच?" हा प्रश्न विचारू नका. "आमटी कशी आहे?" असं विचारा. उत्तर द्यायला सोपं जातं.

मी बुधवारी आणि शनिवारी दुपारी साडेबाराला बाहेर जेवतो, भिंतीकडच्या टेबलावर. भेट झालीच तर नमस्कार करू, आणि आपापल्या ताटावर बसू.